फॉल्टचा रकाना

प्रिंटरनं तिसरी ओळ छापायला घेतली आणि कॉम्प्युटर परत मेला.

मेला म्हणजे कायमचा नाही. स्क्रीन काळा झाला, आतून टक् असा आवाज आला आणि तो आपला आपणच पहिल्यापासून सुरू झाला. त्या सकाळची ही पाचवी वेळ. तिसगावच्या अलीकडच्या एका गावातल्या हायस्कूलच्या कॉम्प्युटर रूममध्ये मी बसलो होतो. अठ्ठ्याण्णव सालचा एप्रिल, अकराच्या सुमारालाच पत्रे तापलेले. माझ्या मागे मुख्याध्यापक गर्जे सर उभे होते आणि बाजूला शाळेची कॉम्प्युटर ऑपरेटर, वैशाली साळवे.

निळा स्क्रीन आला. त्यावर इंग्रजीत तेच वाक्य: विंडोज नीट बंद केलं नव्हतं, म्हणून डिस्क तपासतो आहे.

"बघा," गर्जे सर म्हणाले, "तो स्वतःच सांगतोय, नीट बंद केलं नव्हतं म्हणून. रोज बंद कोण करतं? ही."

वैशालीनं नजर स्क्रीनवरच ठेवली. मी बोललो नाही, आणि ते चुकलं. कारण त्या वाक्याचा अर्थ मला माहीत होता. विंडोज पंच्याण्णव सुरू होताना एवढंच बघायचं, की मागच्या वेळी बंद होताना निरोप घेतला होता का. घेतला नसेल तर ते वाक्य दाखवायचं. मग लाईट गेली असो, मांजरानं वायर ओढली असो, नाहीतर मशीन आपोआप रीबूट झालेलं असो. पण मी नगरहून करंजी घाट चढून आलो होतो, डोकं तापलं होतं आणि पाच वेळा माझीच फजिती झाली होती. दुसऱ्या कोणावर तरी बिल फाटतंय म्हटल्यावर मी गप्प बसलो.

मी तेव्हा नगरच्या एका कॉम्प्युटर डीलरकडे सर्व्हिस इंजिनीअर होतो. इंजिनीअर हा शब्द मोठा झाला. डिप्लोमा, एक मोटरसायकल, एक मल्टिमीटर आणि फ्लॉप्यांचा एक डबा, एवढं जवळ असलं की आमचा मालक माणसाला इंजिनीअर म्हणायचा. त्याला आम्ही शेठ म्हणायचो.

भानगड सुरू झाली होती महिन्यापूर्वी. शाळेनं रुंद कागदाचा नवीन डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेतला. एक मेला वार्षिक निकाल लागतो. त्याच्या आधी सगळ्या वर्गांची निकालपत्रकं मराठीत छापून हवी होती. प्रिंटरबरोबर आलेल्या ड्रायव्हरवर मराठी अक्षरं तुटत होती. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाष्या. एकाची भाषा दुसऱ्याला समजावून सांगणारा छोटासा प्रोग्रॅम. मी नवीन ड्रायव्हरची फ्लॉपी नेली, टाकला, दोन पानं काढून दाखवली. अक्षरं देखणी आली. गर्जे सरांनी चहा मागवला. मी तो घेऊन नगरला परत.

आठ-दहा दिवसांनी फोन आला. प्रिंट दिली की कॉम्प्युटर रीबूट होतो.

आमच्या धंद्यात पहिला नियम हा, की शेवटी ज्यानं हात लावला तो चोर. शेवटी हात लावलेला तो ड्रायव्हर. मी दुसऱ्यांदा गेलो, नवा ड्रायव्हर काढला, जुना टाकला. एक पान छापलं. छापून झालं. मशीन तसंच चालू. मी खूश. मग प्रश्न उरला सर्व्हिस कॉल रिपोर्टचा.

हा रिपोर्ट म्हणजे कार्बनचं तीन प्रतींचं पुस्तक. पांढरी प्रत गिऱ्हाइकाला, गुलाबी ऑफिसला, पिवळी आपल्याला. त्यात 'फॉल्ट' असा एक रकाना. तो रिकामा ठेवला तर शेठ कॉल, म्हणजे ती तक्रार, बंद करायचे नाहीत. कॉल बंद झाला नाही तर परत जा, पेट्रोल जाळा. 'ड्रायव्हरचा दोष' लिहावं तर ड्रायव्हर आम्हीच टाकलेला. म्हणून आम्ही सगळेच इंजिनीअर अशा वेळी एक ठेवणीतलं वाक्य लिहायचो. मीही लिहिलं. ऑपरेटर मिस्टेक, इम्प्रॉपर शटडाऊन. खाली वळणदार सही केली.

खोटं बोलतोय असं मला वाटलंसुद्धा नाही. हातानं जिभेला न विचारता लिहिलेलं ते वाक्य होतं.

तरी तीच तक्रार पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला मी सगळी भांडीकुंडी घेऊन गेलो होतो. नवीन पॉवर सप्लाय, रॅम, प्रिंटरची केबल. एकेक बदलून पाहिलं. रॅम बदलली, मेला. पॉवर सप्लाय बदलला, मेला. केबल बदलली, तीन ओळी छापल्या आणि मेला. जुना ड्रायव्हर असतानाही मरतोय, म्हणजे ड्रायव्हर चोर नव्हता, हे मला तेव्हा उमगलं. मल्टिमीटर लावून व्होल्टेज पाहिलं. कॉम्प्युटरच्या आधी सीव्हीटी होता. खाली-वर होणारी वीज सारखी करून देणारा तो जड डबा. त्यातून दोनशे तीस व्होल्ट येत होते. चोख. प्रिंटर गप्प असताना मी ते पाहिलं, छापत असताना नाही, ही अक्कल मला तोवर सुचलेली नव्हती.

"सर, जरा केबिनमध्ये येता?" गर्जे सर म्हणाले.

केबिनमध्ये त्यांनी एक फाईल पुढे केली. पहिलाच कागद माझा होता. पांढरी प्रत. ऑपरेटर मिस्टेक. त्या दोन शब्दांखाली लाल शाईनं रेघ मारलेली.

"तिची नेमणूक एका वर्षाची," सर म्हणाले. "तीस एप्रिलला संपते. पुढची ऑर्डर द्यायची, कायम करायचं, असा आमचा विचार होता. पोरगी हुशार आहे, नाही असं नाही. बाप बांधकाम खात्यात मैलकुली आहे, रस्त्याचे खड्डे बुजवतो. नगरला जाऊन येऊन कोर्स केला तिनं. पण संस्थेनं तुमचा रिपोर्ट वाचला. म्हणाले, मशीन बिघडवणारा माणूस कशाला ठेवायचा? कमिटीनं ठराव केला. आता माझा नाईलाज आहे."

"माझ्या रिपोर्टवरून?" मी विचारलं.

"मग कोणाच्या? तुम्हीच एक्स्पर्ट."

मी रोज चार-पाच रिपोर्ट लिहायचो. ते शेठच्या टेबलावरच्या सळईला टोचले जातात एवढंच मला ठाऊक. कोणी ते वाचतं, त्याखाली रेघ मारतं, त्यावर कमिटी बसते, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आजवर मी असं किती ठिकाणी लिहिलं असेल? राहुरीला, शेवगावला, नेवाशाला? आणि तिथल्या माणसांचं काय झालं असेल?

"सर, मला अजून थोडा वेळ द्या," मी म्हणालो.

"घ्या की. निकाल अडलाय, मीही कुठं जाणार?"

मी कॉम्प्युटर रूमकडे परत आलो. दारावर पाटी होती, 'चप्पल-बूट बाहेर काढावेत'. तेव्हा सगळीकडेच ही पद्धत होती. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून गाभाऱ्यात जावं तसं आम्ही आत जायचो. मी बूट काढले आणि आत गेलो. वैशाली खुर्चीत सरळ बसली होती. मी तिच्याकडे न बघता परत कॅबिनेट उघडायला लागलो. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा.

"सर, एक बोलू?" ती म्हणाली.

"बोला."

"मी मागच्या वेळी पण सांगितलं होतं. प्रिंट चालू झाली आणि या डब्याला हात लागला की मुंग्या येतात. कोपरापर्यंत. आधी येत नव्हत्या. तुम्ही हसला होता."

हसलो होतो. आठवलं मला. 'कॉम्प्युटरची भीती असली की असं वाटतं' असंही म्हणालो होतो. आता हसलो नाही, पण पटलंही नाही.

"अहो, मी सकाळपासून त्याच डब्यात हात घालून बसलोय. मला कुठं काय होतंय?"

"तुमच्या पायात मोजे आहेत," ती म्हणाली. "जाड नायलॉनचे. मी अनवाणी असते. सर, तुम्ही मोजे काढा आणि मग हात लावा."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग खाली बघितलं. शहाबादी फरशी, मघाशीच पुसलेली, अजून ओलसर. त्यावर तिचे उघडे पाय आणि माझे मोज्यातले.

मोजे काढले. पाय फरशीवर ठेवले. तिला प्रिंट द्यायला सांगितली. प्रिंटर करकरला आणि मी हाताची मागची बाजू पत्र्याला टेकवली.

झटका असा बसला की मी खुर्चीसकट मागे गेलो.

झटक्याचं काही नाही, आमच्या धंद्यात तो अधूनमधून बसतोच. पण ही मुलगी दोन-तीन आठवडे रोज, पाच-सहा तास, अनवाणी, त्या पत्र्याला खेटून बसत होती. तिनं मला सांगितलं होतं. आणि मी तिच्या नावावर फॉल्ट लिहून घरी गेलो होतो.

"उठा," मी म्हणालो. "बाहेर या. कोणी आत जायचं नाही."

मेन स्विच बंद केला आणि भिंतीवरचा बोर्ड उघडला. वायरी बघितल्या आणि कपाळावर हात मारला. घरातल्या विजेला दोन तारा लागतात. एकीनं वीज येते, तिला फेज म्हणतात. दुसरीनं परत जाते, ती न्यूट्रल. तिसरी अर्थिंगची, ती जमिनीत पुरलेली, काही गडबड झालीच तर करंट जमिनीत जावा म्हणून. या खोलीची न्यूट्रल भिंतीत कुठेतरी तुटलेली होती. भिंत कोण फोडणार? कोण्या वायरमननं सरळ अर्थिंगलाच न्यूट्रल करून टाकलं होतं. म्हणजे कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर, सगळ्यांची परतीची वीज जमिनीतून चालली होती, आणि कॉम्प्युटरचा पत्रा त्याच तारेला बांधलेला. हा जुगाड आपल्याकडे वस्त्या-वाड्यांवर सर्रास चालतो. मोटर चालते, दिवा लागतो, लोक म्हणतात वायरमन हुशार.

पण मग वर्षभर काही झालं नाही ते आत्ताच का?

अर्थिंगची तार खिडकीतून मागे गेली होती. मी तिच्या मागोमाग गेलो. भिंतीलगत चार विटा रचलेला एक खड्डा होता. त्यात मीठ आणि कोळसा घालतात आणि तो ओला ठेवायचा असतो, कारण कोरड्या जमिनीतून वीज जात नाही. मी वीट उचलली. आत ठणठणीत कोरडं. मातीला भेगा.

शाळेच्या शिपाई पार्वतामावशी झाडू घेऊन माझ्यामागे येऊन उभ्या होत्या.

"मावशी, इथं पाणी कोण टाकतं?"

"मी टाकीत हुते की. रोज बादलीभर. वायरमन सांगून गेल्ता, हितं पानी न्हाई टाकलं तर लाईट बिघडंल. मास्तर लोकांचं हात धुतल्यालं, डबं धुतल्यालं पानी मी हितंच आनून वतायची. टँकरचं पानी, वाया कशाला घालवायचं?"

"मग बंद का केलं?"

मावशी माझ्याकडे असं बघू लागल्या, जसं काही मी त्यांची थट्टा करतोय.

"आवं सायेब, तुमीच म्हनला ना! मागं तुमी पैल्यांदा आल्ता, तवा खिडकीतून वरडला माज्यावर. भितीला पानी वतू नगा, कंपुटरला वल चालत न्हाई. मी म्हनलं, शिकल्याला मानूस हाय, सांगतोय तर खरंच असंल. त्या दिसापासून एक थेंब टाकला न्हाई."

मी तिथंच विटेवर बसलो.

खरं होतं. ड्रायव्हर टाकला त्या दिवशी खिडकीखालची भिंत ओली दिसली. बाहेर एक बाई बादली उपडी करत होती. मी रुबाबात हुकूम सोडला होता. खड्डा कसला, पाणी का, एक शब्द विचारला नव्हता. मार्च-एप्रिलचं ऊन. आठ-दहा दिवसांत खड्डा वाळत आला; दुसऱ्या खेपेला थोडी ओल असेल म्हणून तेवढं एक पान निघालं, मग तीही गेली. वीज परत जायला जागा राहिली नाही. प्रिंटर चालू झाला की ओढ वाढायची, व्होल्टेज सीव्हीटीलाही सावरेना इतकं खाली जायचं, आणि कॉम्प्युटर रीबूट व्हायचा. आणि न गेलेली वीज पत्र्यावर उभी राहायची.

गर्जे सरांना बोलावलं. अंगणातल्या हातपंपाला पाणी नव्हतं, पण त्याचा पाईप खोल जमिनीत गेलेला. त्याला एक वायर बांधून मी ती खोलीत आणली. मल्टिमीटरचं एक टोक तिला, दुसरं कॉम्प्युटरच्या पत्र्याला. आता मी बूट घालूनच आत उभा होतो. पाटी गेली खड्ड्यात. स्विच चालू केला, प्रिंट दिली. मीटरवर बहात्तर व्होल्ट.

"शून्य पाहिजे," मी सरांना सांगितलं. "आणि ही खड्ड्यातली तार गंजून तुटली असती ना, तर इथं पूर्ण दोनशे तीस आले असते."

"म्हणजे?"

"म्हणजे वैशालीताई आज इथं नसत्या."

गर्जे सर मटकन बाकावर बसले. "अरे देवा," एवढंच म्हणाले, मग परत एकदा, "अरे देवा." मी त्यांना सगळं सांगितलं. वायरमनचा जुगाड, मावशीचं पाणी, आणि ते कोणी बंद करायला लावलं तेही. मावशींनी तेवढ्यात न विचारता एक बादली खड्ड्यात ओतली. मीटर खाली उतरायला लागला. साठ, पंचेचाळीस, तीस. आम्ही सगळे तो काटा भूत बघावं तसा बघत होतो.

पण पाणी हा इलाज नव्हता. मी मीटर बोर्डापासून नवी न्यूट्रल वायर ओढली, खिडकीतून आत घेतली, अर्थिंग न्यूट्रलपासून सुटं केलं. त्यात दोन तास गेले. परत मोजलं. पत्र्यावर काही नाही. मोजे न घालता हात टेकवून पाहिला. काही नाही.

कॉम्प्युटर चालू केला. सुरू होता होता त्यानं एक प्रश्न विचारला. मधेच बंद पडला तरी छापायला दिलेली कामं विंडोज विसरत नसे. रांगेत काही राहिलंय, छापू का, असं विचारत असे. सकाळपासून दर वेळी हा प्रश्न आला की वैशाली पुढे वाकून पटकन 'नो' दाबायची. मला वाटायचं, घाईत आहे. या वेळी मी खुर्चीत होतो. मी 'यस' दाबलं.

"सर, थांबा..." ती म्हणाली.

प्रिंटर करकरत सुटला. तीन ओळी. चार. दहा. मशीन मेलं नाही. मला इतका आनंद झाला की मी कागदावर काय उमटतंय हे बघितलंच नाही. गर्जे सरांनी बघितलं. ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

मग मी वाचलं. 'प्रति, कु. वैशाली साळवे. सर्व्हिस इंजिनीअरच्या अहवालानुसार संगणकाची हाताळणी आपण निष्काळजीपणे केल्याचे निदर्शनास आल्याने आपली सेवा दि. ३० एप्रिलपासून संपुष्टात येत आहे.' खाली सहीला जागा.

शाळेत मराठी टायपिंग येणारी ती एकटीच होती. तिलाच नोकरीवरून काढल्याचं पत्र तिच्याकडूनच टाईप करून घेतलं होतं. आणि दर वेळी छापताना कॉम्प्युटर बंद पडत होता.

मला सरांची लाज वाटली, आणि त्याहून जास्त माझी, कारण त्या पत्रातला सगळ्यात वजनदार शब्द माझा होता.

वैशालीनं पुढे होऊन छिद्रांच्या रेघेवर कागद नीट फाडला, कडेच्या पट्ट्या काढल्या आणि सरांपुढे ठेवला.

"सर, यावर तुमची सही राहिली आहे."

"फाडून टाक तो," सर कसेबसे म्हणाले.

"मी नाही फाडणार सर. टाईप करायला सांगितलं होतं, केलं. फाडायचं तुमचं तुम्ही बघा."

पार्वतामावशी दारात पदर तोंडाला लावून उभ्या. शेवटी गर्जे सरांनी कागद उचलला, चार तुकडे केले आणि खिशात घातले. टोपलीत टाकायलाही त्यांना धीर झाला नसावा.

"निकाल लाव, बाळ," ते म्हणाले.

पाचवी अ पासून तिनं लावला. संध्याकाळपर्यंत आठवीपर्यंतची निकालपत्रकं छापून झाली होती. मधे एकदा मी तिला विचारलं, ते पत्र टाईप करायला तुम्ही नकार का दिला नाहीत? ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "दुसऱ्या कोणी केलं असतं तर शुद्धलेखनाच्या चुका केल्या असत्या. वडील वाचणार होते ते."

मी छापून झालेल्या पानांच्या कडेच्या पट्ट्या काढत बसलो.

निघण्याआधी मी नवीन कॉल रिपोर्ट लिहिला. फॉल्टच्या रकान्यात वायरिंग, आणि त्याखाली मराठीत, 'अर्थिंगला पाणी घालणे मी बंद करायला लावले. मागील अहवालात ऑपरेटरची चूक लिहिली ती खोटी आहे.' पांढऱ्या प्रतीवर सरांनी शाळेचा शिक्का मारला आणि कमिटीपुढे ठेवतो म्हणाले. ठेवलाही. जूनमध्ये वैशालीला कायमची ऑर्डर मिळाली.

गुलाबी प्रत शेठनी वाचली आणि मला केबिनमध्ये घेतलं. "असा रिपोर्ट कोणी लिहितं का? वेड लागलंय?" त्यांनी अर्धा तास झापलं. मी ऐकून घेतलं. त्यांचंही खोटं नव्हतं, धंदा त्यांना करायचा होता.

पुढे मी अजून बरीच वर्षं त्या धंद्यात काढली. दोष सापडला नाही की मी त्या रकान्यात 'कारण सापडलं नाही' असंच लिहीत आलो. त्यासाठी बोलणी खाल्ली, एकदा पगारवाढ हुकली, गिऱ्हाइकांनी मला अडाणी ठरवलं. पण त्या तीन शब्दांवरून अजून कोणत्या कमिटीनं कोणाच्या नावाचा ठराव केलेला नाही.